डिव्हाइसच नसेल तर टेस्टने काय करायचं? क्यूएमूच्या टेस्टमध्ये स्किप नीट कसा लिहायचा

क्यूएमूसाठी, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये अख्खा कॉम्प्युटर उभा करणाऱ्या एम्युलेटरसाठी, टेस्ट लिहिली, आपल्या लॅपटॉपवर हिरवी आली, पॅच पाठवला आणि सीआयमधल्या (पॅचवर आपोआप बिल्ड आणि टेस्ट चालवणाऱ्या यंत्रणेतल्या) कुठल्यातरी एकाच जॉबवर ती लाल. लॉग उघडावा तर एकच ओळ, की अमुक हे व्हॅलिड डिव्हाइस मॉडेल नेम नाही. कोडमध्ये बग नाही, टेस्टचं लॉजिकही बरोबर आहे, फक्त त्या जॉबच्या बायनरीत, म्हणजे बिल्ड केलेल्या क्यूएमूत, ते डिव्हाइस (क्यूएमू ज्याचं सोंग घेतं ते नेटवर्क कार्ड, डिस्क वगैरे) कंपाइलच केलेलं नाही. अशावेळी सगळ्यांच्या मनात पहिलं येतं ते म्हणजे टाका एक स्किप, म्हणजे टेस्ट न चालवता सोडून द्या, आणि व्हा मोकळे. स्किप टाकायचाच आहे, त्यात वाद नाही, पण तो कशावरून ठरवायचा आणि नंतर त्याच्यावर लक्ष कोण ठेवणार हे ठरवलं नाही तर काही महिन्यांनी ती टेस्ट कुठल्याच मशीनवर चालत नसते आणि कुणाला पत्ताही नसतो. लाल टेस्टकडे निदान कुणीतरी बघतं तरी, न चालणाऱ्या हिरव्या टेस्टकडे कोणीच बघत नाही, म्हणून मला तीच जास्त डेंजर वाटते.

उदाहरणं क्यूएमूचीच घेतोय कारण तिथे हा प्रकार रोजचा आहे. लिबव्हर्ट (व्हर्चुअल मशीन सांभाळणारी लायब्ररी) किंवा लिनक्स कर्नलच्या केव्हीएम (व्हर्चुअल मशीन थेट खऱ्या प्रोसेसरवर चालवणारी कर्नलची सोय) सेल्फटेस्टवर काम करणाऱ्यांना नावं बदलून बहुतेक सगळं लागू पडेल.

आधी बघा नक्की काय नाहीये

"डिव्हाइस सपोर्ट नाही" ह्या एका वाक्यात चार-पाच वेगळी दुखणी लपलेली असतात, आणि सगळ्यांना एकच स्किप लावला की गोंधळ होतो.

पहिलं आणि सगळ्यात कॉमन, बायनरीत डिव्हाइसच नाही. क्यूएमू ४.० पासून, म्हणजे २०१९ पासून, कुठली डिव्हाइसं बिल्डमध्ये जाणार हे केकॉन्फिग ही कॉन्फिगरेशनची पद्धत ठरवते, लिनक्स कर्नलसारखंच. नेहमीच्या बिल्डमध्ये जवळजवळ सगळं येतं, त्यामुळे आपल्याला सवय अशी लागते की ई१००० हे नेटवर्क कार्ड असणारच, यूएसबी स्टोरेज असणारच. पण बिल्डच्या कॉन्फिगर स्क्रिप्टला विदाउट-डिफॉल्ट-डिव्हाइसेस हा ऑप्शन दिला की मशीनला ज्याच्याशिवाय चालतच नाही तेवढंच राहतं. शिवाय डिस्ट्रोवाले स्वतःची काटछाट करतात ती वेगळीच, रेड हॅट एंटरप्राइज लिनक्समध्ये तर डिव्हाइसांची यादी मुद्दाम छोटी ठेवलेली असते आणि ९ व्या व्हर्जनपासून स्पाइस (रिमोट डिस्प्ले) आणि त्याच्यासोबत क्यूएक्सएल (त्याचं व्हिडिओ कार्ड) पण गेलं.

दुसरं, बिल्डमध्ये आहे पण मॉड्यूल म्हणून. एनेबल-मॉड्यूल्स देऊन बिल्ड केलं की क्यूएक्सएल, व्हर्चुओ-जीपीयू (व्हर्चुओ म्हणजे virtio, व्हर्चुअल मशीनसाठीच बनवलेली डिव्हाइसं), यूएसबी रिडायरेक्ट वगैरे वेगळ्या शेअर्ड लायब्ररी होतात आणि डिस्ट्रो त्यांची वेगळी पॅकेजेस बनवतात. कॉन्फिग फाइल सांगते आहे, पण टेस्ट मशीनवर ते पॅकेज कोणी टाकलेलंच नसतं. कॉन्फिग बघून निर्णय घेणारी टेस्ट इथे हमखास आपटते.

तिसरं जरा फसवं आहे. डिव्हाइस बायनरीत आहे, पण तुम्ही जे मशीन निवडलंय त्याला त्याची बसच, म्हणजे डिव्हाइस जोडायचा मार्गच, नाही. मायक्रोव्हीएम मशीनवर व्हर्चुओ-नेट-पीसीआय लावायला गेलात तर पीसीआय बस सापडली नाही असा एरर येतो, कारण ते मशीन मुळातच व्हर्चुओ-एमएमआयओवर (पीसीआयशिवाय, मेमरी पत्त्यांवरून जोडणी) चालतं आणि पीसीआय एक्सप्रेस वेगळं चालू करावं लागतं. एस३९०एक्सवर (आयबीएम मेनफ्रेम) नेहमीची बस म्हणजे सीसीडब्ल्यू, तिथे डिस्कचं डिव्हाइस व्हर्चुओ-बीएलके-सीसीडब्ल्यू असतं. डिव्हाइस आहे का हा प्रश्न विचारून इथे काहीच कळत नाही, उत्तर "हो" येईल आणि टेस्ट तरी पडेल.

चौथं, बायनरी अगदी व्यवस्थित आहे, होस्टकडेच, म्हणजे क्यूएमू ज्यावर चालतंय त्या खऱ्या मशीनकडे, काहीतरी नाही. डेव्ह-केव्हीएम फाइल नाही, किंवा आहे पण युजर केव्हीएम ग्रुपमध्ये नाही, किंवा सीआयचा कंटेनर असा की आत केव्हीएम दिलेलंच नाही. व्हीहोस्ट-नेटचंही (नेटवर्कचं काम होस्टच्या कर्नलकडे देणारी सोय) तसंच. आणि व्हीएफआयओ (खरं डिव्हाइस थेट गेस्टला, म्हणजे आत चालणाऱ्या सिस्टीमला, देणारी सोय) टेस्ट करायची तर खरंखुरं हार्डवेअरच पाहिजे.

पाचवं, डिव्हाइस आहे पण तुम्हाला हवी ती प्रॉपर्टी नाही, कारण बायनरी जुनी. हे आपल्याच ट्रीमधून (सोर्स कोडमधून) बिल्ड करून टेस्ट करणाऱ्यांना सहसा दिसत नाही, इन्स्टॉल केलेल्या क्यूएमूवर टेस्ट चालवणाऱ्यांना मात्र रोज दिसतं.

बायनरीलाच विचारा

कॉन्फिग फाइल वाचून, आर्किटेक्चरच्या नावावरून किंवा डिस्ट्रोवरून अंदाज बांधू नका, जी बायनरी आत्ता टेस्ट होणार आहे तिलाच विचारा. "आर्किटेक्चर एस३९०एक्स असेल तर स्किप" अशा ओळी जुन्या टेस्टमध्ये अजून सापडतात, त्या लिहिल्या तेव्हा बरोबर असतीलही, पण टेस्टला नक्की काय लागतं हे त्यातून कोणालाच कळत नाही आणि उद्या तिथे सपोर्ट आला तरी टेस्ट बंदच राहते.

हाताने बघायचं असेल तर सोपंय, क्यूएमूला मशीन म्हणून नन (none, म्हणजे कुठलंच नाही) द्यायचं आणि डिव्हाइस ऑप्शनला हेल्प. मशीन नन द्यायचं कारण म्हणजे आर्मसारख्या टार्गेटला डिफॉल्ट मशीनच नाही, एक्स८६ वर तयार झालेली स्क्रिप्ट तिथे पहिल्याच ओळीला "मशीन दिलेलं नाही" म्हणून थांबायला नको. मग एकेका ओळीत एक डिव्हाइस येतं: नाव, बस, असेल तर एलियास (दुसरं नाव) आणि वर्णन.

आता ह्या आउटपुटमध्ये नाव शोधताना एक खड्डा आहे. नुसतं सबस्ट्रिंग शोधलंत, म्हणजे पायथनमध्ये फाइंड किंवा शेलमध्ये साधं ग्रेप, तर ई१००० शोधताना ई१०००ई पण जुळतं. ई१००० काढून टाकलेल्या आणि ई१०००ई ठेवलेल्या बायनरीवर तुमचा चेक "आहे" म्हणणार आणि टेस्ट पुढे जाऊन पडणार. नाव अवतरणचिन्हांसकट जुळवा किंवा ओळ तोडून बरोबर तो शब्द काढा. एलियास पण बघा, कारण ह्याच कार्डाला ई१०००-८२५४०ईएम असंही म्हणतात आणि टेस्टमध्ये कोणी ते नाव वापरलेलं असू शकतं.

प्रोग्राममधून विचारायचं तर क्यूएमपी (चालू क्यूएमूला जेसनमधून कमांड द्यायची सोय) जास्त भरवशाचं, टेक्स्ट चिरफाड करत बसावी लागत नाही. क्यूओएम-लिस्ट-टाइप्स (क्यूओएम म्हणजे क्यूएमूचं ऑब्जेक्ट मॉडेल) ही कमांड द्यायची, इम्प्लिमेंट्समध्ये डिव्हाइस आणि ॲबस्ट्रॅक्टला फॉल्स. फक्त एक लक्षात ठेवा, ह्या यादीत अशी डिव्हाइसं पण येतात जी युजरला कमांड लाइनवरून बनवता येत नाहीत, बोर्डाच्या आत बसलेली असतात. हेल्पवाल्या यादीत ती लपवलेली असतात. म्हणजे तुमची टेस्ट डिव्हाइस ऑप्शनने काही लावणार असेल तर हेल्पची यादी जास्त प्रामाणिक, आणि बोर्डावरचंच काहीतरी तपासायचं असेल तर क्यूओएमची.

मशीन आहे का ते क्वेरी-मशीन्सने कळतं. प्रॉपर्टी आहे का ते डिव्हाइस-लिस्ट-प्रॉपर्टीजने. नेटवर्कचा बॅकएंड वेगळा विचारा, त्याला नेटडेव्ह हेल्प आहे, आणि हे लोक विसरतातच: ७.२ पासून क्यूएमूने स्वतःच्या ट्रीमधलं स्लर्प (युजर नेटवर्किंग देणारी लायब्ररी) काढून टाकलं, तेव्हापासून लिबस्लर्प डेव्हलपमेंट पॅकेज नसलेल्या मशीनवर बिल्ड केलं तर युजर नेटवर्किंग गायब. तुमचं ई१००० जागेवर असतं, टेस्ट मात्र पडते नेटडेव्ह युजरमुळे.

केव्हीएमसाठी दोन प्रश्न विचारावे लागतात, बायनरीत आहे का आणि होस्टवर उघडतंय का. क्वेरी-केव्हीएम प्रेझेंट आणि एनेबल्ड अशा दोन गोष्टी सांगतं, पण प्रेझेंट म्हणजे नुसतं कंपाइल केलेलं आहे एवढंच. डेव्ह-केव्हीएम वाचता-लिहिता येतंय का हे वेगळं तपासा. क्यूटेस्ट ह्या क्यूएमूच्या टेस्ट फ्रेमवर्कमधलं हॅज-ॲक्सेल हे फंक्शन दोन्ही बाजू बघतं, म्हणून हाताने न लिहिता तेच वापरा.

आणि हे सगळं विचारायला दर वेळी क्यूएमू चालू करावं लागतं, त्यामुळे उत्तर कॅश करा. शंभर टेस्ट असतील आणि प्रत्येक टेस्ट स्वतःपुरती एक एक्स्ट्रा प्रोसेस उडवत असेल तर धीम्या रनरवर ते चांगलंच जाणवतं.

आता स्किप लिहू

सीमधल्या क्यूटेस्टमध्ये तयार फंक्शन्स आहेत: क्यूटेस्ट-हॅज-डिव्हाइस, क्यूटेस्ट-हॅज-मशीन, क्यूटेस्ट-हॅज-ॲक्सेल. पहिली दोन आतून वरचेच क्यूएमपी प्रश्न विचारतात आणि यादी जपून ठेवतात. वापरायच्या दोन पद्धती दिसतील. एक म्हणजे मेन फंक्शनमध्ये डिव्हाइस असेल तरच टेस्ट रजिस्टर करायची, नसेल तर यादीतच येत नाही. दुसरी, टेस्ट रजिस्टर करायचीच आणि आत शिरल्यावर डिव्हाइस नसेल तर जी-टेस्ट-स्किप म्हणायचं. क्यूएमूच्या ट्रीमध्ये पहिली पद्धत जास्त दिसते, आणि कोडही आटोपशीर होतो. पण मला विचाराल तर दुसरी घ्या, कारण पहिल्या पद्धतीत न झालेल्या टेस्टची कुठे नोंदच राहत नाही. रजिस्टर न झालेली टेस्ट आणि कोणी चुकून डिलीट केलेली टेस्ट, रिपोर्टमध्ये दोन्ही सारख्याच दिसतात.

जी-टेस्ट-स्किप वापरताना मात्र पुढच्याच ओळीत रिटर्न पाहिजे. ते फंक्शन टेस्टवर फक्त शिक्का मारतं, थांबवत नाही. रिटर्न विसरलात की टेस्ट पुढे पळते, नसलेलं डिव्हाइस लावायला जाते, क्यूएमू बाहेर पडतं, आणि मग लोक म्हणतात स्किप टाकलाय तरी लाल कसं.

क्यूओएस टेस्ट, म्हणजे क्यूग्राफवाल्या, ह्यांचं वागणं वेगळं आहे. तिथे मशीन, बस, डिव्हाइस ह्यांचा एक ग्राफ असतो, फ्रेमवर्क स्वतःच बायनरीला विचारून कुठले नोड उपलब्ध आहेत ते ठरवतं आणि मशीनपासून टेस्टपर्यंत जो रस्ता लागतो तेवढाच चालवतं. वर सांगितलेलं बसचं दुखणं इथे आपोआप सुटतं, जोडणीच नसेल तर रस्ता बनत नाही. पण जो रस्ता बनला नाही त्याचं स्किप म्हणून काहीच छापलं जात नाही, हे डोक्यात ठेवा, पुढे लागणार आहे.

पायथनच्या फंक्शनल टेस्ट, ज्या २०२४ च्या शेवटी आलेल्या ९.२ पासून ॲव्होकाडो ह्या टेस्ट फ्रेमवर्कच्या जागी साध्या युनिटटेस्टवर आल्या, तिथे रिक्वायर-डिव्हाइस, रिक्वायर-नेटडेव्ह, रिक्वायर-ॲक्सेलरेटर अशा मेथड्स आहेत, आणि सेट-मशीनला ते मशीन सापडलं नाही तर तो पण स्वतःच स्किप करतो. ह्या मेथड्स टेस्टच्या अगदी सुरुवातीला टाका, म्हणजे शेकडो एमबीची गेस्ट इमेज उघडायच्या आधी कळेल की चालवून उपयोग नाही. पायथनचा स्किप हा एक्सेप्शन असतो, त्यामुळे त्याच्याभोवती कोणी ट्राय आणि सरसकट एक्सेप्ट एक्सेप्शन लिहिलं असेल तर स्किप तिथेच गिळला जातो. आणि सेटअपमध्ये स्किप झाला तर टेअरडाउन चालत नाही, तोवर काही टेम्पररी फाइल किंवा सॉकेट उघडलं असेल तर ते ॲड-क्लीनअपने बांधून ठेवा.

आयओटेस्टमध्ये, म्हणजे ब्लॉक लेयरच्या (डिस्क हाताळणाऱ्या भागाच्या) टेस्टमध्ये, बॅशवाल्यांसाठी रिक्वायर-डिव्हाइसेस आहे, ब्लॉक ड्रायव्हरसाठी रिक्वायर-ड्रायव्हर्स, आणि कारण लिहून थांबायचं असेल तर नॉटरन. पायथनवाल्या आयओटेस्टमध्ये अख्खी फाइल सोडायला नॉटरन आणि एकच केस सोडायला केस-नॉटरन. चेक स्क्रिप्ट शेवटी कुठल्या टेस्ट चालल्या नाहीत त्याची यादी छापते, ती खरंच वाचत चला.

ट्रीच्या बाहेर स्वतःचं हार्नेस (टेस्ट चालवणारा सांगाडा) असेल तर एक्झिट कोडचा रिवाज पाळा. मेसॉन (क्यूएमूची बिल्ड सिस्टीम) ७७ ला स्किप समजतं आणि ९९ ला हार्ड एरर, ऑटोमेकपासून चालत आलेली पद्धत. कर्नलच्या सेल्फटेस्टमध्ये स्किप ४ आहे, आणि केव्हीएमवाल्या सेल्फटेस्टमध्ये टेस्ट-रिक्वायर मॅक्रोला अट दिली की ती पुरी न झाल्यास तोच कोड देऊन बाहेर पडतो. टॅप आउटपुट (टेस्टचे निकाल ओळीओळीने छापायचा ठरलेला फॉरमॅट) असेल तर ओके, नंबर, मग हॅश आणि स्किप, पुढे कारण. शून्य परत करून "डिव्हाइस नाही, चालेल" असं नुसतं प्रिंट करू नका, ते पास म्हणूनच मोजलं जातं.

कारण लिहिताना नुसतं "सपोर्ट नाही" लिहू नका हो. कुठलं डिव्हाइस, कुठलं मशीन, कुठली बायनरी, एवढं त्या एका ओळीत आलं तर रात्री सीआय बघणाऱ्याचा अर्धा तास वाचतो.

मेसॉनमधली अट पुरत नाही

टेस्टच्या मेसॉन फाइलमध्ये तुम्हाला अशी रचना दिसेल की कॉन्फिग-ऑल-डिव्हाइसेसमध्ये अमुक कॉन्फिग असेल तरच ही टेस्ट यादीत घ्या. हे ठेवायला हरकत नाही, फुकट बिल्ड आणि रन वाचतो. पण ते कॉन्फिग-ऑल-डिव्हाइसेस म्हणजे सगळ्या टार्गेटांची बेरीज असते. एकाच बिल्डमध्ये एक्स८६ आणि आर्म दोन्ही केलं, आणि डिव्हाइस फक्त एक्स८६ ला चालू आहे, तरी अट आर्मच्या यादीसाठीही खरीच ठरते. शिवाय कोणी क्यूटेस्ट-क्यूएमू-बायनरी हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल देऊन इन्स्टॉल केलेल्या क्यूएमूवर तीच टेस्ट चालवली तर बिल्डच्या वेळच्या माहितीचा काही संबंधच उरत नाही. म्हणून रनटाइमचा चेक हवाच.

खरंच तेच डिव्हाइस लागतंय का?

स्किप लिहायच्या आधी हा प्रश्न विचारा, बऱ्याचदा उत्तर "नाही" असतं. टेस्ट ब्लॉक लेयरची आहे, तिला फक्त एक डिस्क कुठेतरी लटकलेली पाहिजे, आणि लिहिणाऱ्याने सवयीने आयडीई लिहिलं. तिथे व्हर्चुओ-बीएलके असं मोघम नाव लिहा, ते एलियास आहे आणि टार्गेटप्रमाणे पीसीआय किंवा सीसीडब्ल्यू जे लागेल ते घेतं. व्हर्चुओ-स्कझी चालणार असेल तर आयओटेस्टमध्ये रिक्वायर-वन-डिव्हाइस-ऑफ आहे, दिलेल्यांपैकी एक सापडलं तरी पुरे.

दुसरी भानगड म्हणजे न मागताच आपोआप येणारी डिव्हाइसं. मशीन स्वतःहून डिफॉल्ट नेटवर्क कार्ड, सीडीरॉम, व्हीजीए वगैरे लावतं, आणि काटछाट केलेल्या बिल्डमध्ये तेच नसल्यामुळे क्यूएमू सुरूच होत नाही. तुमच्या टेस्टचा नेटवर्कशी काडीचा संबंध नसताना ती नेटवर्क कार्डासाठी पडते. नोडिफॉल्ट्स द्या, किंवा निदान एनआयसी नन, आणि जे पाहिजे ते स्वतः लिहा. ह्या एका सवयीने अर्धे स्किप लागतच नाहीत असा माझा अनुभव आहे.

ॲक्सेलरेटरचंही तसंच, केव्हीएमचं खास काही तपासत नसाल तर आधी केव्हीएम आणि मग टीसीजी (क्यूएमूचं सॉफ्टवेअरमधलं एम्युलेशन) असे दोन ॲक्सेल ऑप्शन लागोपाठ द्या, पहिलं जमलं नाही तर क्यूएमू दुसऱ्यावर जातं. फक्त टाइमआउट वाढवून ठेवा, टीसीजीवर गेस्ट बूट व्हायला कितीतरी जास्त वेळ जातो.

हे मात्र करू नका

सगळ्यात वाईट पद्धत म्हणजे आधी डिव्हाइस लावून बघायचं आणि एरर आला तर स्किप. चार ओळींत काम होतं म्हणून मोह होतो, पण मग डिव्हाइसच्या रिअलाइज फंक्शनमध्ये (जे डिव्हाइस प्रत्यक्ष उभं करतं) खरा बग घुसला तरी टेस्ट स्किपच म्हणणार. डिव्हाइस-ॲडने क्यूएमपीवर येणारा एरर बघून फरक करू म्हणाल तर तेही जमत नाही, नाव चुकीचं असलं तरी क्लास जेनेरिक-एरर आणि प्रॉपर्टी चुकली तरी जेनेरिक-एररच. मेसेजचा टेक्स्ट जुळवायचा तर तो मेसेज कोणीही पुढच्या पॅचमध्ये बदलू शकतं. आधी विचारा, उत्तर "आहे" असेल तर त्यानंतरचं प्रत्येक अपयश हे अपयशच धरा.

स्किपवर पहारा

आता मूळ भीतीकडे. हॅज-डिव्हाइसला दिलेल्या नावात एक अक्षर चुकलं, आडव्या रेघेच्या जागी अंडरस्कोर पडला, तर उत्तर कायम "नाही" आणि टेस्ट कायम स्किप. कोणी डिव्हाइसचं नाव बदललं तरी तेच. केकॉन्फिगमध्ये एक डिपेंडन्सी चुकून वाढली आणि डिव्हाइस डिफॉल्ट बिल्डमधूनच गळालं तरी तेच, आणि हा तर खरा रिग्रेशन (आधी चालणारं बिघडणं) आहे जो टेस्टने पकडायला हवा होता.

म्हणून सीआयमध्ये दोन टोकं ठेवा. एक जॉब पूर्ण बिल्डचा, सगळे डेव्हलपमेंट पॅकेजेस टाकलेला, आणि तिथे स्किप म्हणजे फेल. त्यासाठी तुमच्या टेस्टचे सगळे चेक एकाच हेल्परमधून जाऊ द्या आणि त्या हेल्परमध्ये स्ट्रिक्ट अशा काहीतरी नावाचा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल बघा, तो चालू असेल तर स्किपच्या जागी फेल. होस्टवर अवलंबून असलेल्या गोष्टी, म्हणजे केव्हीएम, व्हीएफआयओ, ह्यातून वगळा नाहीतर कंटेनरवाला रनर आयुष्यभर लाल राहील.

दुसरं टोक म्हणजे काटछाटीचा जॉब. क्यूएमूच्या गिटलॅब सीआयमध्ये बिल्ड-विदाउट-डिफॉल्ट्स नावाचा जॉब ह्यासाठीच आहे. घरी करायचं असेल तर वेगळी बिल्ड डिरेक्टरी घ्या, कॉन्फिगरला विदाउट-डिफॉल्ट-डिव्हाइसेस द्या, एक-दोनच टार्गेट घ्या म्हणजे बिल्ड पटकन होईल, आणि मेक चेक-क्यूटेस्ट चालवा. तिथे तुमची टेस्ट एकतर स्किप व्हायला हवी नाहीतर पास, लाल आली म्हणजे कुठलातरी चेक राहिलाय. पॅच पाठवायच्या आधी हे एकदा केलंत तर रिव्ह्यूअरचा एक ईमेल वाचतो.

क्यूग्राफसारख्या ज्या टेस्ट स्किप म्हणतच नाहीत त्यांच्यासाठी स्ट्रिक्टचा उपयोग नाही. तिथे पूर्ण बिल्डवर कुठल्या टेस्टपाथ चालल्या त्यांची यादी काढून ती फाइल रेपोमध्ये ठेवा आणि प्रत्येक रननंतर ताजी यादी तिच्याशी डिफ करा. मेसॉन लॉग डिरेक्टरीत जेयुनिट एक्सएमएल (टेस्टच्या निकालांची फाइल) टाकतं, त्यातून नावं काढायला छोटी स्क्रिप्ट पुरते. फक्त आकडे जुळवू नका, एक टेस्ट गेली आणि एक नवीन आली तर आकडा तोच राहतो. नवीन ओळ आली तर चालू द्या, जुनी गायब झाली तर जॉब थांबवा. आणि एखादं डिव्हाइस खरंच डेप्रिकेट होऊन काढलं गेलं तर ज्या पॅचमध्ये ते काढलं त्याच पॅचमध्ये ह्या फाइलमधली ओळ पण काढायला लावा, वेगळा पॅच येऊ देऊ नका, तो कधीच येत नाही.